नळगंगा खोलीमागची झुडपं

मलकापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. बॅगेत तीन वह्या आणि अर्धा डझन पेन्सिली होत्या, आणि डोक्यात बायकोची ताकीद होती. "दोन दिवसांसाठी चाललाय. तिथे तरी तक्रारवही मागू नका," असं तिने दारातच बजावलं होतं. मी मान डोलावली होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर अशा मान डोलावण्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो.

माझं काम लघुलेखनाचं. सभेत, परिषदेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं आणि जो जे बोलेल ते उतरवून घ्यायचं. निवृत्तीनंतरही बोलावणी येतात, कारण यंत्रात बोललेलं राहतं खरं, पण कोण बोललं आणि कोण नुसतंच खोकलं हे यंत्राला कळत नाही. या वेळचं बोलावणं होतं बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भरणाऱ्या कापूस परिषदेचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे मी जो पराक्रम केला तो पुढे येतोच आहे. तो वाचला की कारण कळेल.

कापूस हा शब्द मी आजवर हजारो वेळा लिहिला असेन. भाव, निर्यात, गाठी, वाण, सगळं लिहून झालंय. पण आम्हा पेठेतल्या पोरांना कापूस भेटला तो औषधाच्या दुकानात, निळ्या कागदाच्या गुंडाळीत. तेव्हा पांढरं फुललेलं शेत एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढी हौस मनात धरून मी एसटीत खिडकीची जागा पकडली.

स्टँडवर घेतलेली कचोरी मोताळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत संपली. तिच्यातल्या मिरचीने डोळ्यांत आणलेलं पाणी मात्र बराच वेळ टिकलं. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. मांडीवर फवारणीचा पंप होता, तो दुरुस्तीला नेत होते. बाहेर काळी रानं मागे पडत होती. कुठे हरभरा उगवून आलेला, कुठे नुसती ढेकळं. बांधांवर वाळक्या काड्यांचे ढीगच ढीग.

"इकडे कापूस कुठे दिसेल हो?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "कुठून आले?"

"पुण्याहून."

"पंधरा दिस आधी आले असते तं दिसला असता. आता लोक उपटून राह्यले. ते ढीग पाह्यले ना? पऱ्हाटी (कपाशीची झाडं) हाये ते."

"का उपटली?"

"बोंडअळी. बोंड वरून पाहा तं गुटगुटीत, अन् फोडलं का अंदर गुलाबी अळी. बीटीचं बियाणं आलं तवा सांगत, आता अळीचं काम खतम. ते जुनी अळी गेली बी, खोटं काऊन बोलू? मग हे दुसरी आली. मी चार एकर उपटली अन् हरभरा पेरला."

हे ते रागाने सांगत नव्हते. गावाकडची खुशाली सांगावी तशा आवाजात सांगत होते, आणि सांगून झाल्यावर पंपाचं झाकण उघडून आत बघत बसले. मोताळ्याला आठवड्याचा बाजार होता. तिथे ते उतरले आणि त्यांच्या जागी वांग्यांची एक टोपली आली.

राजूरचा घाट चढताना सागाची झाडं लागली. हवा एकदम गार झाली आणि बस हळू. वर बुलढाणा. कोर्टाचे काळे कोट, कॉलेजची मुलं आणि सरकारी फायली घेऊन धावणारे लोक, असं सगळं स्टँडच्या आसपासच दिसलं. या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे सगळ्यांचं येणंजाणं या स्टँडवरूनच. एका खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा जेवलो. वाढणाऱ्या बाईंनी "ठेचा जपून घ्या बापा" असं म्हटल्यामुळे मी मुद्दाम दोनदा घेतला. पुढची बस दीड तास उशिरा आली आणि त्या दीड तासाचा बराचसा भाग मी पाणी पिण्यात घालवला.

मुक्कामाच्या गावी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. नगरपालिकेचं सभागृह स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. गावाच्या मानाने इमारत चांगलीच मोठी होती : पाचशे लाल खुर्च्या, जांभळा पडदा, बाहेर कारंजं (बंद), आणि एका छपराच्या वाटेने सभागृहाला जोडलेलं दुमजली निवास. परिषद असो, लग्न असो, पाहुण्यांनी इथेच उतरायचं आणि वाटेने चालत सभागृहात यायचं, पाऊस असला तरी डोकं भिजणार नाही. खोल्यांना नंबर नव्हते, जिल्ह्यातल्या नद्यांची नावं होती. पैनगंगा, ज्ञानगंगा, खडकपूर्णा. माझ्या वाट्याला तळमजल्यावरची मागच्या बाजूची नळगंगा आली.

व्यवस्थापक वानखडे नावाचे होते. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. किल्ली देताना त्यांनी भिंतीला दोरीने बांधलेली एक जाड वही अभिमानाने दाखवली. "काही कमी-जास्त वाटलं तं यात लिहा साहेब. नगरपालिकेचं असलं तरी आमच्याकडे तक्रार शिळी होत नाही. चोवीस तासांत निकाली. शिक्का मारून."

बायकोची ताकीद मी विसरलो नव्हतो. पण एखाद्याने आग्रहाने पान वाढावं तशी ती वही समोर आली, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

खोली स्वच्छ होती. नळगंगेच्या नळाला सकाळी साडेसहा ते सात एवढाच वेळ पाणी असतं हे दारामागे लिहून ठेवलं होतं, त्यामुळे तक्रारीला तिथे जागा नव्हती. खोल्यांची देखभाल करणाऱ्या विमलताई चादर बदलायला आल्या. हिरवं नऊवारी पातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं घाईचं. मी पलंगावर बसून पाहिलं. फोमची नाही, कापसाची गादी, आणि एकही गोळा नाही.

"गादी छान आहे हो."

"सत्तारभाईची हाये," त्या म्हणाल्या. "सालातून एक डाव येतात, समद्या खोल्यायच्या गाद्या उसवून, पिंजून, पुन्हा भरून देतात. परवा येऊन राह्यले. माह्यं बी एक काम हाये त्यायच्यापाशी."

"कसलं?"

"पोरगी आली ना बाळंतपणाले. आठ-दहा दिस राह्यले. आमच्यात बाळाले पाचवीले घरच्या कापसाच्या गादीवर ठेवा लागते. इकतचा (विकतचा) नाही चालत. मी बी त्याच्यावरच निजली होती अन् माही पोरगी बी."

"मग घरी आहे का कापूस? मी तर ऐकलं, सगळीकडे उपटलाय."

"वावरातला (शेतातला) उपटला. पर थोडा हाये. ठेवला हाये मी." आणि त्या लगबगीने पुढच्या खोलीकडे गेल्या.

मग मी खिडकीशी गेलो. खिडकीला मच्छरांची जाळी, जाळीवर दोन वर्षांची धूळ, बाहेर संधिप्रकाश. जाळीच्या पलीकडे कंपाउंडच्या भिंतीला लागून कमरेएवढ्या झुडपांची रांग होती, आणि त्या झुडपांना जागोजागी कागदाचे पांढरे बोळे अडकले होते. मी मनात म्हटलं, झालं. पुढच्या सभागृहात लग्नं होतात, पंगती उठतात आणि हात पुसलेले कागद वाऱ्याने इथे येऊन बसतात. तेवढ्यात एक डास कानाशी गुणगुणला. मी सरळ बाहेर गेलो, वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'नळगंगा खोलीच्या खिडकीबाहेर रानटी झुडपे माजली असून त्यांत कागदाचा कचरा अडकला आहे. डासांचा उपद्रव होतो. झुडपे त्वरित काढून जागा मोकळी ठेवावी.' खाली सही, पत्ता, फोन नंबर, दिनांक, वेळ. आणि त्या गादीवर गाढ झोपलो.

सकाळी दहाला परिषद सुरू झाली. दोनशेच्या आसपास शेतकरी असतील. बचत गटांतून आलेल्या बायका एका बाजूला पाच-सहा ओळी भरून बसल्या होत्या. स्वागत, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, हे सगळं मी डोळे मिटून लिहू शकतो. मग कृषी विद्यापीठातून आलेल्या संशोधक बाई उभ्या राहिल्या. तिशीतल्या, साध्या, मुद्द्याला धरून बोलणाऱ्या. त्यांनी खिशातून हाताच्या पंजाएवढी एक पुडी काढून वर धरली.

"ही कोणी पाहिली आहे?"

सभागृहात हशा झाला. पाहिली होती सगळ्यांनीच.

"बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर ही छोटी पुडी फुकट येत होती. आता बी आतच मिसळून येतं. या पुडीत साधं, बीटी नसलेलं बी असायचं. शेताच्या चारी कडांना ते पेरा, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. म्हणजे अळीला खायला तिची वेगळी झाडं मिळतात आणि बीटीची सवय लागायला वेळ लागतो. किती जणांनी पेरलं?"

एकही हात वर आला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, अळीसाठी कोन शेती करते?" पुन्हा हशा. बाईही हसल्या. मी हे सगळं उतरवत होतो. मग त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. "हे त्या पुडीतल्या बियाचं झाड. बोंडं उमलली की असं दिसतं."

पडद्यावर कमरेएवढं झुडूप होतं. त्याच्या फांद्यांना जागोजागी कागदाचे पांढरे बोळे अडकले होते.

माझी पेन्सिल थांबली. चाळीस वर्षांत मी एकही वाक्य सोडलं नव्हतं. त्या दिवशी जेवणापर्यंतचं सगळं सुटलं, आणि ते काय होतं ते मला आजही माहीत नाही. मी खुर्ची मागे सारली आणि छपराच्या वाटेने धावत सुटलो. या वयात, चपलांनिशी, आणि दोनशे शेतकरी बघत असताना.

खोल्यांमागे दोन सफाई कामगार विळे घेऊन उभे होते. कोपऱ्यातली तीन झाडं आडवी झाली होती. चौथ्याच्या पुढ्यात विमलताई उभ्या होत्या. त्या भांडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. पदर तोंडाशी धरून नुसत्या उभ्या होत्या. शेजारी वानखडे हातात ती वही घेऊन.

"थांबा!" मी म्हणालो. "तक्रार माझी आहे. मी मागे घेतो."

विमलताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुमी केली?"

"मला वाटलं, कागद अडकलेत."

"कागद?" त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते खरं आहे हे त्यांना कळलं. "तुमाले पऱ्हाटी माहीत नाही? कापसाच्या मीटिंगले आले ना तुमी? मले वाटलं, इथल्याच कोनी ओळखीच्यानं केली. मघापासून त्याच इचारात हाये मी." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला खरोखर लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे झाडही पुरेसं उंच नव्हतं.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. पेरणीच्या वेळी घराच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या जुन्या पुड्या त्यांनी फोडल्या आणि भिंतीच्या कडेने बी टोचलं. कोणाला विचारलं नाही. खोल्यांचं उरलेलं पाणी घातलं. वावरातली कपाशी अळीने गेली तेव्हा घरचा कापूस म्हणून एवढी चाळीस झाडंच उरली. सत्तारभाई यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे आजच, सुट्टी झाल्यावर त्या तो वेचणार होत्या.

"वानखडे साहेब," मी म्हणालो, "माझी तक्रार खोडा."

"कशी खोडू?" वानखड्यांचा चेहराही पडला होता. त्यांनी वही उघडून दाखवली. "हा रकाना तक्रारीचा, हा कार्यवाहीचा, हा शिक्क्याचा. मागे घेतल्याचा रकानाच नाही. संध्याकाळी पान नगरपालिकेत जाते. साहेब, मी काय आंधळा हाये का? पऱ्हाटी मले जूनपासून दिसत होती अन् मी पाहत नव्हतो. तुमी तोंडी सांगितलं असतं तं बहिरा बी झालो असतो. लेखी आल्यावर काय करू?"

लेखी आल्यावर कसं वागावं हे मीच लोकांना आयुष्यभर शिकवत आलो आहे.

एवढ्यात दोन कामगारांपैकी वयस्कर असलेले नामदेवराव खाली वाकले आणि एका बोंडाकडे बघून म्हणाले, "ताई, सीतादही झालं का याचं?"

"कुठचं होते," विमलताई म्हणाल्या. "आज करणार होती."

नामदेवरावांनी विळा खाली ठेवला. "मंग मी नाही कापत. आधी सांगा लागते ना. तीन झाडं उगीच पाडली माह्या हातून." दुसऱ्यानेही विळा ठेवला.

सीतादही म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिली वेचणी करण्याआधी कपाशीच्या पाच झाडांची पूजा करून दहीभात वाहायचा, अशी इकडची रीत. तोवर कापसाला कोणी हात लावत नाही, मग झाडावर विळा चालवणं तर दूरच. वानखडेही शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांनी वहीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"संध्याकाळी पाचपर्यंत निकाली काढायची हाये," ते म्हणाले. "तवपर्यंत सीतादही करा, कापूस वेचून घ्या. मंग कापू. जेवणात आज दहीभात हाये. मी घेऊन येतो." आणि इस्त्रीच्या शर्टाचे हे गृहस्थ स्वतः भटारखान्याकडे पळाले.

जेवणाची सुट्टी झाली होती. मी पळालो तेव्हाच बऱ्याच जणांच्या माना वळल्या होत्या. आता सगळी परिषद ताटं हातात घेऊन खोल्यांमागे आली. विमलताईंनी पाच झाडांपाशी पाच खडे मांडले, हळद-कुंकू वाहिलं, सभोवार दहीभात शिंपडला. एका झाडाचं बोंड ओढून त्याचा कापूस त्यांनी शेजारच्या झाडाला टेकवला, तिथून पुढच्याला. मंत्र नव्हता की गाणं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले आणि त्यांचं बघून आणखी चार-पाच जणांनी काढली. यांतल्या बहुतेकांच्या शेतात त्या वर्षी हे झालंच नव्हतं.

मग विमलताईंनी पहिलं बोंड वेचलं, आणि बचत गटाच्या बायकांनी पदराचे ओटे (झोळ्या) बांधले. त्यांचे हात इतके झरझर चालत होते की नुसतं बघत राहावं. मीही शिरलो. वाळलेल्या बोंडाला नखांसारखी टोकं असतात हे माझ्या बोटांना लगेच कळलं. माझ्या मुठीत कापसाबरोबर पाचोळाही येत होता.

"काका, कापूस वेचून राह्यले का कचरा?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या खदखदून हसल्या. विमलताईसुद्धा. माझी तक्रार एव्हाना सगळ्यांना कळली होती तर.

संशोधक बाईंनी एक बंद बोंड फोडलं. आत अळी होती. "असू दे," त्या म्हणाल्या. "ही झाडं तिच्यासाठीच असतात." मग झाडांच्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "साऱ्या तालुक्यात ही पुडी पेरलेली मला इथेच दिसली."

दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा बायका मांडीवर कापूस घेऊन बसल्या होत्या आणि भाषणं ऐकत बोटांनी सरकी (कापसातलं बी) काढत होत्या. मी टिपणात एवढंच लिहिलं : 'भोजनोत्तर सत्र पाऊण तास उशिराने सुरू झाले.' पाचच्या सुमाराला मागून विळ्यांचे आवाज आले. वहीत शिक्का बसला. जाताना मी वानखड्यांना विचारलं, "पुढच्या वर्षी लावतील ना त्या पुन्हा?"

त्यांनी मान हलवली. "आता ते जागा कागदावर आली साहेब. 'मोकळी ठेवावी' असं लिहिलं हाये तुमी. आता मले दिसा लागीन."

हे मला त्या तीन पडलेल्या झाडांपेक्षा जास्त लागलं. कोणाच्या नजरेत नसलेली जागा मी नजरेत आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तारभाई आले. साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. खोल्यांच्या गाद्यांसाठी त्यांनी हातगाडीवर विजेचं यंत्र आणलं होतं. विमलताईंचा कापूस मात्र त्यांनी यंत्राजवळ नेला नाही. घरून जुनं पिंजण (कापूस पिंजायचं, धनुष्यासारखं अवजार) मागवलं.

"एवढासा कापूस मशीनमंदी टाकला तं मशीनच खाऊन टाकीन," ते म्हणाले. पिंजणाची तार छेडली की ट्वंग असा आवाज होई आणि कापूस उडून पुन्हा खाली बसे, दर वेळी थोडा अधिक हलका. त्यांनी ढीग दोन्ही हातांनी उचलून अंदाज घेतला. "बहन, गादी होऊन जाईन. बाजूचे दोन लोड नाही व्हनार. तेवढा कमी हाये."

तेवढा म्हणजे मातीत गेलेली ती तीन झाडं आणि न उमललेली बोंडं. कापलेल्या झाडांच्या ढिगात बंद बोंडं बरीच होती. बरीचशी विमलताईंनी टॉवेलात बांधून घेतली होती. मी उरलेल्यांतली अकरा उचलली आणि त्यांना विचारलं, "ही नेऊ का?"

"पुण्याले? काय करता?"

"माहीत नाही अजून."

"न्या," त्या म्हणाल्या. "उन्हात ठेवा. काही उलतील (उमलतील)." आणि बस चुकेल म्हणून त्यांनीच मला पिटाळलं.

परतीच्या वाटेवर लोणार बघायचं आधीपासून ठरलं होतं. मेहकरहून बसने गेलो. उल्का पडून झालेलं ते प्रचंड गोल विवर आणि तळाशी हिरवं, खारट पाणी. कडेवर उभं राहिलं की खालचे मोर ऐकू येतात, दिसत नाहीत. अशा ठिकाणी माणसाला मोठे विचार सुचावेत अशी अपेक्षा असते. मला मात्र सारखं चाळीस झाडांच्या त्या रिकाम्या पट्ट्याचं सुचत होतं. स्टँडजवळच्या चहावाल्याने माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "काय हो काका, बोंडं कशाला घेऊन चाललेत?"

"पुढच्या वेळी ओळखता यावीत म्हणून," मी म्हणालो. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने चहात आलं जास्त टाकलं.

जालन्याहून रात्रभर प्रवास करून घरी पोचलो. बोंडं गॅलरीतल्या कठड्यावर उन्हात ठेवली. चौथ्या दिवशी पहिलं तडकलं. पंधरवड्यात आठ उमलली. तीन उघडलीच नाहीत, त्यांतल्या एकातून अळी निघाली आणि बायकोने तिला माझ्यापेक्षा शांतपणे घेतलं. कापूस जरा पिवळसर होता. मी खुर्ची टाकून बोटांनी सरकी वेगळी केली. आठ बोंडांना मला दोन दुपारी लागल्या.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचं छापील पत्र आलं. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपले समाधान झाले काय? होय / नाही. नसल्यास कारण लिहावे.' मी पेन्सिल बाजूला ठेवून पेन घेतलं. मग 'नाही'वर खूण केली आणि सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं : 'नळगंगा खोलीच्या खिडकीबाहेर आता काहीच दिसत नाही, त्यामुळे पाहुण्यांची गैरसोय होते. भिंतीलगत पऱ्हाटीची चाळीस झाडे दरवर्षी लावावीत व वेचणी होईपर्यंत तोडू नयेत. देखरेख विमलताईंकडे सोपवावी. सोबत : बी, पुडी एक.' बायकोने ते वाचलं आणि पाकिटाला तिकीट तिनेच लावलं. आठ बोंडांचा कापूस मी वेगळ्या पार्सलने विमलताईंच्या नावे धाडला.

दहा दिवसांनी फोन आला.

"साहेब, मी विमल. नात झाली! पाचवीले गादीवर निजवली. तुमचा कापूस मागून आला, सत्तारभाईनं तो अन् माह्या बोंडायचा मिळून एक लोड भरून देला. एकच झाला, पर झाला." मग आवाज बारीक झाला. "अन् तुमची तक्रार आली. वानखडे साहेबानं ऑफिसात बोलावलं, मी तं घाबरलीच. ते म्हणे, लेखी आलं हाये ताई, आता करा लागते. मिरगाले (जूनच्या पेरणीला) लावा म्हणे. शिक्का बी मारला."

नातीचं नाव काय ठेवलं, असं मी विचारलं.

"ठेवाचं हाये अजून. साहेब, एक सांगू का? पुन्हा आले तं पैनगंगा खोली घ्या. तिथून पऱ्हाटी दिसत नाही."

मी त्यांना सांगितलं की मला नळगंगाच हवी आहे. फक्त खिडकीची जाळी तेवढी पुसून ठेवा, आणि हे मी तोंडीच सांगतोय.